गजबजलेल्या तलावावर आधी कोणता नियम: वेगमर्यादा, अंतर की वेळवाटप?

तलावावर गर्दी वाढली की पहिली मागणी येते ती वेगमर्यादेची. मागणी रास्त आहे. पण नियम ठरवायला बसलेल्यांनी त्याआधी एक प्रश्न मिटवून घ्यावा: आपल्याला नेमकं टाळायचं काय आहे? बोटींची टक्कर, पोहणाऱ्याला लागणारा बोटीच्या इंजिनाचा पंखा, किनारा पोखरणाऱ्या लाटा की आवाज? या चार दुखण्यांवर एकच औषध नाही, आणि चुकीचं औषध दिलं तर एक दुखणं कमी होऊन दुसरं वाढतं.

सरसकट वेगमर्यादा

हिच्या बाजूचा मुद्दा भक्कम आहे. ताशी 60 किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन बोटींमधलं 300 मीटर अंतर 9 सेकंदांत संपतं. दोघी 40 ने येत असतील तर साडेतेरा सेकंद मिळतात. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 40 च्या तुलनेत 60 ला ती सव्वादोन पट होते. बोटीला ब्रेक नसतो, त्यामुळे हे चार-साडेचार सेकंद फार मोलाचे.

गडबड होते ती मर्यादेचा आकडा निवडताना. साधारण 6 मीटर लांबीची मोटरबोट घ्या. ताशी 7-8 किलोमीटरपर्यंत ती पाण्यात सपाट बसलेली असते, मागे नुसत्या सुरकुत्या उमटतात. वेग वाढवला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो आणि बोट पाणी ढकलत, नांगरत चालते. सगळ्यात मोठी लाट याच टप्प्यात उठते. वर आलेल्या नाळेमुळे चालवणाऱ्याला समोरचं डोकं किंवा कयाकही दिसत नाही. ताशी 25-30 च्या पुढे बोट पाण्यावर चढते, सपाट होते आणि लाट पुन्हा लहान होते. म्हणून ‘ताशी 15’ किंवा ‘ताशी 20’ ही समजुतीची मधली मर्यादा बहुतेक मोटरबोटींना नेमकी त्या वाईट टप्प्यात अडकवून ठेवते. मर्यादा एक तर चालण्याच्या गतीइतकी हवी, नाही तर बोट आरामात पाण्यावर चढेल इतकी वर. मधला आकडा नको.

अंमलबजावणीतही फरक पडतो. ताशी 50 की 60 हे मोजायला रडार आणि माणूस लागतो. ‘मागे पांढरा फेस दिसता कामा नये’ हा नियम मात्र धक्क्यावर उभा असलेला कोणीही नुसत्या डोळ्यांनी तपासू शकतो.

किनाऱ्यापासूनचं अंतर

आमच्या मते पहिला नियम हाच असावा. किनारा, धक्का, पोहणारे आणि वल्ह्याच्या होड्या यांच्यापासून ठरावीक अंतराच्या आत इंजिन फक्त आयडलवर. लोक आणि पंखा एकत्र येतात ते बहुतेक याच पट्ट्यात, म्हणून थोड्या बंधनात फायदा जास्त.

अंतर तलावाची रुंदी पाहून ठरवावं. 300 मीटर रुंदीच्या पात्रात दोन्हीकडे 60 मीटर सोडले तर मधे 180 उरतात. उत्साहाच्या भरात 100-100 सोडले तर मधे 100 च राहतात आणि सगळ्या वेगवान बोटी त्याच बोळात शिरतात. 200 मीटरपेक्षा अरुंद भाग सरळ संथ वेगाचाच जाहीर करावा. मुद्दाम मोठी लाट उठवणाऱ्या, पोटात पाणी भरून ताशी 16 ते 19 ने चालणाऱ्या वेकसर्फच्या (बोटीमागच्या लाटेवर फळीने स्वार होण्याच्या खेळाच्या) बोटींना 60 मीटर पुरत नाहीत. त्यांना किमान 150 मीटर आणि खोल पाणीच द्यावं.

पाण्यावर अंतराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो, म्हणून बोये (दोराने तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणा) लावल्याशिवाय हा नियम कागदावरच राहतो. पाण्याची पातळी वरखाली होणाऱ्या तलावात बोयाचा दोर आखूड असला तर पातळी चढल्यावर बोया बुडतो, लांब असला तर उतरल्यावर भरकटतो. उपाय सोपा आहे: दोर चढत्या पातळीला पुरेल इतका घ्यावा आणि मधे एक लहान वजन टांगावं, म्हणजे सैल भाग खाली ओढलेला राहतो आणि पंख्यात अडकत नाही.

याला जोड द्यावी फिरण्याच्या दिशेची. सगळ्या वेगवान बोटींनी किनारा उजव्या हाताला ठेवून, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरावं. समोरासमोरच्या धडकेचा धोका त्याने खूप कमी होतो. उरतो तो मागून येणाऱ्याचा: पुढच्या बोटीमागे दोरीने ओढला जाणारा स्कीअर पडला, तर मागच्या बोटीला थांबायला जागा हवी. म्हणून ओढणाऱ्या बोटीच्या मागोमाग कोणी जायचं नाही आणि तिच्यात चालकाशिवाय मागे नजर ठेवणारा दुसरा माणूस असलाच पाहिजे.

वेळवाटप

सकाळ-संध्याकाळ शांत होड्यांना, मधला वेळ मोटरबोटींना. वल्हवणाऱ्यांसाठी याहून चांगलं काही नाही, कारण शर्यतीच्या होडीतला वल्हेकरी जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. समोरून येणारी बोट त्याला दिसतच नाही. शिडाच्या होडीवाल्यांना मात्र ही वाटणी पटत नाही. वारा बहुधा दुपारी धरतो आणि त्यांना हवी असते नेमकी तीच वेळ. शिवाय दहाचा ठोका पडला की सगळ्या मोटरबोटी एकदम उतारावरून पाण्यात येतात, आणि संध्याकाळी दमलेले चालक उतरत्या उन्हाकडे तोंड करून एकदम परततात. वेळवाटप करायचं असेल तर या दोन्ही वेळा जोखमीच्या धरून तेवढ्यापुरता धक्क्यावर माणूस ठेवावा.

इंजिनाच्या ताकदीची मर्यादा

तपासायला सगळ्यात सोपी, उपयोगाला सगळ्यात थोडी. 25 अश्वशक्तीवर एकटा माणूस असलेली हलकी होडी ताशी 40 च्या घरात पळते. तेच इंजिन आठ माणसांच्या जड बोटीला वाऱ्याविरुद्ध धड वळवूही देत नाही. तलाव अगदी लहान असेल आणि फक्त बॅटरीच्या मोटरी ठेवायच्या असतील, तरच ही निवडावी.

बोटीत असणं की अंगावर असणं

लाईफ जॅकेट ‘बोटीत हवं’ आणि ‘अंगावर हवं’ हे दोन वेगळे नियम आहेत. पडल्यावर पाण्यात ते घालू पाहिलं तर त्याचीच तरंगण्याची ओढ ते हातातून निसटवते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 50 न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असताना. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवायचं काम 100 न्यूटनपासून पुढचं, आणि तेही संथ पाण्यात. मुलाच्या अंगावर घातल्यावर जॅकेटच्या खांद्यांना धरून ते वर उचलून पाहावं: जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मुलं, जेट स्की, मागे ओढले जाणारे आणि एकट्याने होडी नेणारे, एवढ्यांना तरी ते अंगावर सक्तीचं करावं.

किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधण्याची सक्तीही आजच करता येते. बांधलेली नसेल आणि चालक फेकला गेला, तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्यावरच येऊ शकते. मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या वेगाने फिरणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला 75 वेळा कापतो.

जेट स्की भाड्याने देणाऱ्यांनी एक गोष्ट पाण्यात उतरण्याआधी करवून घ्यावी. तिला वळवतं ते मागून सुटणारं पाणी. घाबरून थ्रॉटल सोडलं की बहुतेक यंत्रं वळायची थांबतात आणि सरळ जात राहतात. ‘टाळायचं असेल तर थ्रॉटल ठेवून वळ’ हे नवख्याच्या सहज प्रवृत्तीच्या उलट आहे, त्यामुळे नुसतं सांगून भागत नाही. मोकळ्या पाण्यात दोनदा करून घ्यावं.

संख्या

वरचे सगळे नियम पाळूनही पाणी कमी पडू शकतं. 1000 बाय 500 मीटरचा तलाव धरा. 60 मीटरचा पट्टा चहूकडून वजा केला की 880 बाय 380 उरतात. दहा वेगवान बोटींत वाटणी केली तर प्रत्येकीला साधारण 183 मीटरचा चौकोन येतो, आणि ताशी 50 ने जाणारी बोट तो 13 सेकंदांत ओलांडते. रविवारी दुपारी धक्क्यावरून एकाच वेळी चालू असलेल्या बोटी मोजाव्यात. आकडा दहाच्या वर जात असेल, तर उतारावर साखळी लावून एक बोट बाहेर आल्यावरच पुढची आत सोडावी.