उत्तररंगापर्यंत पोचवणारा प्लेअर

व्यायामाला फोन न्यायचा नाही, इथवर तुम्ही आलेले आहात असं धरून चालतो. आला नसाल तर फोनच न्या, उगीच वेगळा खर्च कशाला. माझं ठरलं ते एका ऑक्टोबरात. दंडाला फोन बांधून नायगावहून फाइव्ह गार्डनला रोज धावत होतो आणि पट्ट्याखाली घामोळं उठलं. घरच्यांनी पावडर दिली आणि ‘कानात काही घालायलाच हवं का?’ असंही विचारलं. हवं. आमच्या खालच्या व्यायामशाळेत स्पीकरवर जे लागतं ते ज्याने ऐकलंय तो असं विचारणार नाही.

तर छोटा, स्वस्त, कपड्याला अडकवायचा प्लेअर. या वर्गात खरी निवड दोनच जातींत आहे, आणि मी दोन्ही वापरल्यात. एक दहा महिने, दुसरा आता दोन वर्षं होत आली. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. या बाजारात आज दिसलेला माल दिवाळीनंतर दिसत नाही, म्हणून जात ओळखता आली म्हणजे पुरे.

पहिली जात बिनपडद्याची. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढी वस्तू, मधोमध गोल बटण, बाजूला सरकवायचा खटका, मेमरी कार्डासाठी एक फट. हिचं मूळ उघड आहे. ॲपलने २००५ साली आयपॉड शफल काढला, २००६ मध्ये त्याला चिमटा आला आणि २०१७ मध्ये तो बंदच झाला. मूळ गेलं, पण त्याची सावली अजून फुटपाथवर विकली जाते. मी लॅमिंग्टन रोडवर साडेतीनशेला घेतला. विक्रेता म्हणाला, ‘गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.’ प्रामाणिक माणूस.

दुसरी जात पडद्याची. आगपेटीहून थोडी मोठी, पडदा टपाल तिकिटाएवढा, चारी बाजूंना दाबायची खरीखुरी बटणं, कार्ड आणि एफएम. मला पावणेदोन हजारांना पडली, म्हणजे पहिलीच्या पाचपट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे मी तिची बाजू घेणार आहे आणि तेव्हा तो मला सोयीस्करपणे आठवणार नाही.

आधी बिनपडद्याचीचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. अंगावर आहे हे कळत नाही. बेंचवर पाठ टेकली की फोन टोचतो, ही टोचत नाही. गळपट्टीला लावा, टोपीला लावा, हातरुमालाला लावून विसरा. हरवली तर रात्रीची झोप जात नाही. लोकलमध्ये माझी एकदा सँडहर्स्ट रोडला पडली होती, शेजारच्याने उचलून दिली आणि विचारलं, ‘हे काय, कानाचं मशीन?’ आणि हाताला न बघता कळते. गोल बटण, वर-खाली, पुढे-मागे. घामाच्या बोटांनी काचेवर चित्रं काढत बसायचं नाही.

नुसती गाणी ऐकणाऱ्याला एवढं पुरतं. वजनं उचलताना मीही ढोल-ताशा लावतो आणि त्यातलं कुठलं आधी वाजलं, कुठलं मागून, याने डंबेल हलकं होत नाही.

माझं घोडं अडलं ते कीर्तनात.

आजोबांनी रामनवमीच्या उत्सवात एक कीर्तन नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून ठेवलं होतं. भाच्याने त्याची एकच लांब फाइल करून दिली. वेग लागत नाही अशा धावण्याला कीर्तनासारखी सोबत नाही; झांजेची लय पायाला लागते आणि बुवा बोलत असले की किलोमीटर मोजायचं राहून जातं. पहिल्या दिवशी पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा निरूपणाचा पहिला भाग, सुरू झाला, अभंगाचं निरूपण रंगात आलं, माझी चाळीस मिनिटं भरली आणि मी खटका सरकवून बंद केला. दुसऱ्या दिवशी चालू केला तर बुवा पुन्हा नमनाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा नमन.

त्या यंत्राला आठवणच नव्हती. खटका सरकला की बॅटरीच तुटते, कुठे थांबलो हे लिहून ठेवायला आतल्या चिपला सवड मिळत नाही. उठली की पाटी कोरी, पहिली फाइल, पहिला सेकंद. बरं, पुढे पळवावं म्हणाल तर ‘पुढे’चं बटण दाबून धरल्यावर माझ्याकडच्यात आवाज वाढायचा. एकच बटण दोन कामांना जुंपलेलं, आणि तिसऱ्याला जागा नाही. मी तीन आठवडे तोच पूर्वरंग ऐकला. निरूपण मला पाठ झालं, दृष्टांतासकट. उत्तररंगात, म्हणजे कथेच्या दुसऱ्या भागात, आख्यान कुणाचं आहे हे मात्र कळेना.

भाचा म्हणाला, ‘मामा, तुकडे करू.’ नव्वद मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे अठरा तुकडे केले आणि त्यांना क्रमांक दिले. मग वेगळीच गंमत. बुवा नामगजरापर्यंत आले की एकदम नमन, मग मधलाच दृष्टांत, मग परत गजर. असे प्लेअर फाइलीचं नाव वाचत नाहीत. कार्डावर जी आधी उतरली ती आधी वाजवतात. संगणकाने अठरा फाइली एका झटक्यात टाकताना स्वतःचा क्रम लावला होता. उपाय आहे: कार्ड पूर्ण पुसायचं आणि फाइली एकेक करून, क्रमाने टाकायच्या. मी रात्री अकरा वाजता अठरा वेळा तसं केलं. क्रम लागला. पण सकाळी सुरुवात परत पहिल्या तुकड्यापासूनच, म्हणजे बागेच्या कठड्यापाशी उभं राहून आठ वेळा ‘पुढे, पुढे’ दाबायचं आणि काल आठवा झाला होता की नववा हे आठवायचं. यंत्राची आठवण मी वाहायला लागलो होतो.

गंमत म्हणजे हे काम कॅसेट आपसूक करायची. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ सालचा, त्यात चिप नव्हती, स्मृती नव्हती. पण फीत जिथे थांबवली तिथेच थांबलेली असायची. आठ दिवसांनी बटण दाबा, अर्धवट राहिलेला शब्द पुरा व्हायचा.

पडद्याच्या प्लेअरमध्ये हे परत मिळालं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. त्याचं बंद करायचं बटण दाबून धरावं लागतं. पडद्यावर निरोपाचं काहीतरी उमटतं आणि तेवढ्या वेळात तो खूण लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी फाइव्ह गार्डनच्या पहिल्या वळणावर चालू केला आणि बुवांनी कालचं वाक्य मध्यापासून उचललं. बुधवारी मध्यंतर आलं. पेटी थांबली, बुवांना बुक्का लावताना लोकांची कुजबुज आणि माइकजवळून आजोबांचा आवाज, ‘अरे, तो पंखा लाव.’ मी पाच मिनिटं चालतच राहिलो. त्या दिवशीचं धावणं हिशोबात धरलं नाही.

आख्यान बिभीषणाचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कीर्तन ऐकत नाही. ठीक. पण पॉडकास्ट ऐकता? अभिवाचन, व्याख्यान, तासाभराचा ख्याल? चार मिनिटांपेक्षा लांब काहीही ऐकत असाल तर हा प्रश्न तुमच्या दाराशी येणारच. त्यामुळे दुकानात बॅटरी किती तास चालते हे विचारू नका, ते खोक्यावर छापलेलं असतं. घरून कार्डावर एक तासाची फाइल टाकून न्या. मध्यावर आणा, बंद करा, चालू करा. तीन प्रकार दिसतील. एक सगळं विसरणारा. दुसऱ्याला गाणं आठवतं पण त्यातली जागा आठवत नाही. लांब फाइलीला तोही कुचकामी. तिसरा खरा. काही प्लेअर फक्त पुस्तकांच्या किंवा पॉडकास्टच्या फोल्डरातल्या फाइलींचीच जागा लक्षात ठेवतात, तेवढं तपासून घ्या.

पडद्याच्या जातीत कुरबुरी नाहीत असं नाही. माझ्याकडच्यात देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. मी फाइलींना नुसते आकडे देतो. उन्हात तो पडदा वाचता येत नाही, पण पहाटे कुणाला वाचायचाय. अंगाला लागून बटणं दाबली जातात, तेव्हा कुलूप लावायची सवय करावी लागते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. ६४ चं बहुतेकदा वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतं आणि असे स्वस्त प्लेअर ते ओळखत नाहीत. तसंही १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला जेमतेम एक एमबी खाते. ४ जीबीत साठ-पासष्ट तास मावतात.

एफएमबद्दल एक. या प्लेअरांत एरियल म्हणजे इअरफोनची वायरच असते. वायर गुंडाळून खिशात कोंबली की खरखर, सैल सोडली की स्वच्छ. बिनवायरचे इअरफोन लावले तर रेडिओ बहुधा गेलाच. कूल डाउनला मी १००.७ वर एफएम गोल्ड लावतो, त्यामुळे वायरशी जुळवून घेतलंय. ती टी-शर्टच्या आतून घ्या, नाहीतर जोर मारताना अंगठ्यात अडकते.

घाम दोन्ही जातींना मारक. मुंबईच्या दमट हवेत इअरफोनच्या भोकात खारट पाणी उतरतं आणि एका कानातला आवाज जातो-येतो. कमरेला लावू नका, घाम खालीच जातो. गळपट्टीला, भोक खाली करून लावा. पावसाळ्यात मी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टीची छोटी पिशवी वापरतो. दिसायला वाईट दिसतं, पण बटणं पिशवीवरूनही दाबता येतात.

बाकीचे पर्याय झटपट. कानातच मेमरी असलेले पाणीरोधक प्लेअर पोहणाऱ्यांसाठी छान. सोनीचा ४ जीबीचा एक तर खाऱ्या पाण्यातही चालेल असा केलेला आहे. पण ते आपल्या ‘स्वस्त’ या शब्दात बसत नाहीत. जुना शफल मोह घालतो, मलाही घातला होता. मात्र तो २०१७ च्या आधीचा असणार, आत बंद केलेली लिथियमची बॅटरी तेव्हापासून वय मोजतेय आणि गाणी भरायला संगणकावर ॲपलचंच सॉफ्टवेअर लागतं. घड्याळात गाणी भरणारे मित्र आहेत. ते खूश आहेत, मी रोज आणखी एक वस्तू चार्ज करायला तयार नाही.

म्हणून, माझ्यापुरतं म्हणतो: नुसती गाणी, रोजचा पाऊण तास, आणि वस्तू हरवायची खोड, असं असेल तर साडेतीनशेचा घ्या आणि उरलेल्या पैशांत बऱ्यापैकी इअरफोन घ्या. तो सौदा वाईट नाही. लांब धावत असाल, अर्धमॅरेथॉनच्या २१.०९७ किलोमीटरची तयारी चालू असेल, रविवारी दोन-दोन तास रस्त्यावर असाल, तर पडद्याचा बघा. त्यातही आठवण असलेलाच. पडदा मी आता क्वचितच बघतो.

साडेतीनशेचा मी खालच्या व्यायामशाळेतल्या एका पोराला दिला. कार्डावरचं कीर्तन काढून ढोल-ताशा भरून दिला. महिन्याने विचारलं, ‘रोज एकच वाजतं ना पहिलं?’ तर म्हणाला, ‘हो काका. बरं पडतं. ते संपलं की माझा वॉर्म-अप संपतो.’