कॅल्क्युलेटरच्या कळीपायी गेले ४,९९९ रुपये

माझे काका जीएसटीची कामं करतात. कीबोर्डवर कॅल्क्युलेटरची वेगळी कळ असते ना, तिच्यावाचून त्यांचं पान हलत नाही. ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत ती दाबली की भलताच कुठलातरी पीडीएफ कन्व्हर्टर उघडायला लागला. काकांनी नेटवर कीबोर्ड कंपनीची हेल्पलाइन शोधली. सगळ्यात वर आलेला नंबर जाहिरातीतला होता. तोच लावला.

समोरचा अस्खलित मराठी बोलत होता. त्याने दुरून स्क्रीन चालवायचं ॲप टाकायला लावलं, कोड विचारला आणि माउस ताब्यात घेतला. कळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांची यादी दाखवली. "सर, हे सगळे व्हायरस. कळ यांनीच बिघडवलीय." अहो, ती विंडोजची रोजची नोंदवही! एखादी सर्व्हिस वेळेत सुरू झाली नाही तरी तिथे लाल खूण पडते. धडधाकट मशीनवरही अशा खुणा ढिगाने सापडतात. काकांनी घाबरून तीन वर्षांचं 'सिक्युरिटी लायसन्स' घेतलं. कळ होती तशीच.

दुसऱ्या दिवशी परत फोन. पैसे जास्त कापले गेलेत म्हणे, रिफंडसाठी यूपीआय पिन टाका. काकूने फोन हिसकावून घेतला. (ती घरगुती डबे देते, पैसे घेताना पिन लागत नाही हे तिला रोजचं आहे.)

तेव्हा कुठे मला बोलावणं आलं. आधी नेट बंद केलं, ते ॲप काढलं, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा फोन लगेच करायचा असतो. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते. इथे अख्खी रात्र गेली होती.

आणि मूळ दुखणं? विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज जिथे बदलता येतात त्या रजिस्ट्री एडिटरमध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर असं आत गेलं की 'ॲपकी' सापडतं. त्यात १५ म्हणजे मेलची कळ, १८ म्हणजे कॅल्क्युलेटरची. कळ दाबल्यावर काय उघडायचं ते 'शेलएक्झिक्यूट'मध्ये लिहिलेलं असतं. १८ मधल्या 'शेलएक्झिक्यूट'मध्ये त्या फुकट्या कन्व्हर्टरने स्वतःचं नाव घुसवलं होतं. आधी एक्सपोर्ट करून बॅकअप घेतला, मग तिथे 'कॅल्क डॉट ईएक्सई' म्हणजे विंडोजच्या कॅल्क्युलेटरचं नाव लिहिलं. कळ चालू झाली.

तक्रारीचा नंबर मिळालाय. पैसे अजून आलेले नाहीत.