जपानी मेपल की अकॅलिफा?

आमच्या इंदुरात घरच्या छोट्या बागेत लाल पानांची हौस दोन प्रकारे भागते: जपानी मेपल हे छोटं झाड, नाहीतर अकॅलिफा हे झुडूप. जपानी मेपल देखणा, प्रश्नच नाही. पंजासारखं पान उन्हासमोर धरलं की शीर न् शीर दिसते. पण त्याला हिवाळ्यात खऱ्या थंडीतली झोप लागते, आणि मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की पानांच्या कडा करपतात. दाट सावलीत हलवावा, तर लाली उतरून पानं हिरवट होतात. माळव्याची चिकट काळी माती तर त्याच्या मुळांना सोसतच नाही.

अकॅलिफाची फांदी पावसाळ्यात खोचा, फुटते. भर उन्हात तांबडीलाल!

मेपल हवाच असेल तर कुंडीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. अंगणात मी अकॅलिफाच लावेन.