हॉर्नेट रायफल साध्या .22 वर करून देतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा

.22 हॉर्नेट या काडतुसाची जुनी, परवान्याची रायफल घरात असलेली माणसं विदर्भात अजून आहेत. नागपुरात एक जण नेमकं त्यांनाच गाठतो, म्हणून हे लिहितोय.

माझी रायफल काकांची, वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर आलेली. हॉर्नेटचं काडतूस बाहेरदेशी, मिळणं कठीण, आणि मिळालं तरी रेंजवर झाडताना हात आखडतो. साधं .22 लाँग रायफल (नावात रायफल असली तरी हेही काडतूसच) आपल्या देशात बनतं, खूप स्वस्त पडतं. बंदुकीच्या दुकानात भेटलेला हा गृहस्थ म्हणाला, "चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बारीक नळी बसवून देतो भाऊ. गोळी तर दोन्हीची .22 चीच! परवानगीचं मी पाहतो ना, तुम्ही काहून टेन्शन घेता?" त्याने दुकानाच्या परवान्याची प्रत दाखवली, पुढे मंजुरीचं शिक्का मारलेलं पत्रही आणून दिलं. कामाचे वेगळे आणि परवानगीचे वेगळे पैसे घेतले. माझी रायफल ताब्यात घेताना दुकानाच्या शिक्क्याची पावतीही दिली.

गोळीची जाडी दोन्हीकडे जवळपास सारखी असते, हे खरं. खरी मेख पेटण्यात आहे. हॉर्नेट सेंटरफायर आहे, म्हणजे पेटवणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. लाँग रायफलमध्ये टोपी नसतेच, मसाला बुडाच्या कडेत आतून भरलेला असतो आणि चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी पिन त्या कडेवर बसावी लागते. याने पिनला हातच लावला नव्हता, फक्त पितळेची नळी ठोकून बसवली होती.

रेंजवर क्लबचं लाँग रायफल काडतूस घालून चाप ओढला, तर नुसतं 'टक'. रेंज ऑफिसरने रायफलीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून थांबायला लावलं, मग मागचा बोल्ट उघडला. काडतूस उजेडात धरलं तर बुडाच्या बरोब्बर मध्यात खोल खड्डा, आणि कडेला साधा ओरखडाही नाही! पुढच्या काडतुसाचंही तेच. ती पितळेची नळी काढताना चेंबर खरवडलं गेलं, आता हॉर्नेटची पुंगळीसुद्धा आत अडकते. काकांनी जिवापाड जपलेली वस्तू होती ती. याचा मला अजून संताप येतो.

पत्र घेऊन शस्त्र परवाना शाखेत गेलो. तो जावक क्रमांक भलत्याच प्रकरणाचा निघाला, माझ्या नावाने अर्जच आलेला नव्हता. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीत बदल करायला, अगदी दुरुस्तीच्या धंद्यालाही, परवाना लागतो. 2019 च्या सुधारणेनंतर विनापरवाना बदलाला किमान 7 वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे पैसे घेऊन तो मोकळा, आणि खोट्या परवानगीची रायफल मात्र तुमच्या घरात.

कोणी असं काम सांगितलं तर "पिनचं काय करणार?" हे आधी विचारा. अर्ज स्वतः करा, पोच स्वतः घ्या. दुकानदाराच्या परवान्यावर विक्रीच आहे की बदल आणि दुरुस्तीही, ते मूळ कागदावर वाचा.

मी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. ज्यांची रायफल आत्ता त्याच्या ताब्यात आहे, त्यांनी पावतीवर विसंबू नये. आजच दुकानात जाऊन नोंदवही उघडायला लावा. माझ्या पावतीच्या तारखेला त्या वहीत माझ्या रायफलीची नोंदच नव्हती.