एका चाकात पाच पंक्चर: हायवेवर आम्हाला कसं फसवलं

मे महिन्यात आईला अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचं बरेच दिवस मनात होतं. गाडीत मी, आई आणि माझा आठ वर्षांचा मुलगा. गाडी मीच चालवते, तीन वर्षं झाली. निघायच्या चार दिवस आधी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. ऑईल बदललं, कूलंट बघितलं, ब्रेक पॅड तपासले, वायपरसुद्धा नवे टाकले. सकाळी सहाला निघताना घराजवळच्या पंपावर आकडा लावून चारही चाकांत 33 (पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा) हवा भरून घेतली. तयारी पूर्ण झाली, असं मला मनापासून वाटत होतं. एक गोष्ट राहिली होती. तिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. ती म्हणजे स्टेपनी.

खंबाटकी झाला, साताऱ्यात नाश्ता झाला. साडेदहाच्या सुमारास सातारा मागे टाकल्यावर पेट्रोलसाठी एका पंपावर थांबले. तिथलं हवेचं मशीन बंद होतं, त्यावर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली. पेट्रोल भरून बाहेर पडताना एक विशीतला मुलगा हात दाखवत समोर आला. "ताई, मागचं डावं चाक बगा जरा. बसलंय." मी उतरून पाहिलं. मला चाक ठीकच वाटलं, पण नुसत्या डोळ्यांनी हवा कमी आहे का हे सांगता येत नाही. हल्लीच्या टायरचा खालचा भाग थोडा फुगलेला दिसतोच. "चेक करायचं पैसं न्हाई, ताई," तो म्हणाला. पंपाला लागूनच त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. मी गाडी तिकडे घेतली.

त्याने आधी पुढच्या चाकाला गेज, म्हणजे हवा मोजायचं यंत्र, लावला. "अडतीस! एवढी हवा कुनी भरली? उन्हाचं फुटंल की टायर. समृद्धीवर काय हुतंय, टीव्हीवर बगितलं न्हाई का?" समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. त्याचं हे एक वाक्य माझ्या पोटात गोळा आणायला पुरेसं होतं. मागच्या सीटवर मुलगा, शेजारी आई. मी म्हटलं, कमी कर.

पहिली फसवणूक इथेच झाली आणि ती मला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळली नाही. सकाळी थंड टायरमध्ये 33 भरलेली हवा शंभर किलोमीटर उन्हात धावल्यावर 37-38 दाखवते. टायर तापतो, आतली हवा तापते, दाब वाढतो. यात बिघाड काहीच नाही. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ धरूनच तो ठरवलेला असतो. म्हणून गरम टायरमधून हवा कधी सोडायची नसते. त्याने तीन चाकांतली हवा सोडून 30 वर आणली. याचा अर्थ टायर थंड झाल्यावर तो आकडा आणखी खाली जाणार होता. आणि टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, वाकते, आतून तापते आणि शेवटी जाते. फुटण्याची भीती घालून त्याने आमची गाडी फुटण्याच्या जास्त जवळ नेऊन ठेवली होती.

चौथं, म्हणजे मागचं डावं चाक. इथे हवा सुटण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला वाटलं, याचीही हवा कमी करतोय. मग गेज माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "ईसच हाय बगा. पंक्चर हाय." ही दुसरी फसवणूक. गेज लावण्याच्या निमित्ताने त्याने व्हॉल्वची पिन दाबून हवा घालवली होती. त्याआधीचा आकडा मी पाहिलाच नव्हता.

मी म्हटलं, स्टेपनी लाव, पंक्चर कोल्हापुरात काढून घेईन. त्याने डिकीतून स्टेपनी काढून गेज लावला. 12. हा आकडा खोटा नव्हता. गाडी घेतल्यापासून तीन वर्षांत स्टेपनीची हवा मी एकदाही तपासली नव्हती, सर्व्हिस सेंटरनेही तपासलेली नव्हती. बंद डिकीत पडलेल्या टायरचीही हवा हळूहळू जाते. त्यातही हवा भरता आली असती आणि चाक बदलून वाटेला लागता आलं असतं. तेवढ्यात आतून दुकानदार बाहेर आला. पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलायला अतिशय नम्र. "स्टेपनीवर भरल्या गाडीनं एवढ्या लांब जाऊ नका ताई, घरची मानसं हायत बरोबर. धा मिंटात पंक्चर काढून देतो." मी थांबले.

जॅक लावून चाक खोललं, साबणाचं पाणी फिरवलं. एका ठिकाणी बुडबुडे आले. मी स्वतः पाहिले. त्याच वेळी आईला बाथरूमला जायचं होतं. तिला मधुमेह आहे, थांबवत नाही. मी तिला पंपाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. सात-आठ मिनिटं लागली असतील. परत आले तर टायरवर खडूने पाच गोल काढलेले. "पाच निघाले ताई. खिळ्याच्या पट्टीवरून गाडी गेली असंल." साबणाचं पाणी मारून त्याने पाचही ठिकाणचे बुडबुडे दाखवले. खरोखर हवा येत होती. यावर काय बोलणार?

माझा मुलगा दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून हे सगळं बघत होता. तो माझा हात ओढून म्हणाला, "आई, त्या काकांनी टायरला टोचलं." दुकानदार लगेच हसला, "अरे बाळा, पंक्चर सापडायला टोचावंच लागतं." पंक्चर काढताना भोकात रबराची वात घालण्यासाठी टोच्या वापरतातच, म्हणून मलाही ते पटलं. मी मुलाला गप्प केलं. त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. तिथे त्या वेळी खरं बोलणारा तो एकटाच होता.

बिल तोंडी सांगितलं. एका पंक्चरचे साडेतीनशे, पाचांचे 1,750. चार व्हॉल्व "कुजलेत" म्हणून बदलले, त्याचे 400. नायट्रोजनचे 200. ज्या पाइपने साधी हवा भरली त्याच पाइपने नायट्रोजन भरला होता. आपल्या साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा असल्यानसल्याने फार मोठा फरक पडतो असंही नाही. एकूण 2,350. वर टायर "एक्सपायर" झालाय, जुना पण चांगला टायर दोन हजारांत बसवून देतो, असंही सुचवलं. एवढं मात्र मी फेटाळलं, कारण टायरच्या बाजूवरचे चार आकडे मला वाचता येत होते: 1422. म्हणजे 2022 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुना म्हणण्याजोगा नव्हता. मोबाइलवरून पैसे दिले, छापील पावती मागितली तर "पावती पुस्तक संपलंय" म्हणाला, आणि आम्ही निघालो.

कऱ्हाड, पेठ नाका, किणी टोल. गाडी जरा जड चालतेय असं वाटत होतं, पण म्हटलं मनाचा खेळ असेल. दर्शन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजखाली पाहते तो तेच चाक खरोखर बसलेलं. लॉजवाल्यांनी ओळखीच्या टायरवाल्यांना बोलावलं. त्या काकांनी आधी चारही चाकांना गेज लावला आणि प्रत्येक आकडा मला दाखवला. 26, 25, 26, आणि त्या चाकाला 14. "भर उन्हात भरलेली गाडी सव्वीसवर चालवत आला तुम्ही?" ते म्हणाले. देवाच्या दारात आलो होतो म्हणून वाचलो, असं आई अजून म्हणते.

दुकानात नेऊन त्यांनी टायर रिमवरून काढला आणि बॅटरीच्या उजेडात आतली बाजू दाखवली. पाचही वाती एका वीतभर जागेत. चार भोकं खाचेत, एका ओळीत, सुबक. पाचवं टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते. तिथूनच हवा जात होती. ते म्हणाले, रस्त्यावरचा खिळा इतका हिशेबाने घुसत नाही. आणि ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा सहसा आतच राहतो, हवा हळूहळू जाते. मग पाच भोकांतला एकही खिळा मला दाखवला होता का? नव्हता. मी मागितलाच नव्हता.

कडेचं भोक दुरुस्त होत नाही. पंक्चर काढायचं ते फक्त मधल्या, जमिनीला टेकणाऱ्या भागातलं. बाजू आणि कड सतत वाकत असतात, तिथे वात किंवा आतून बसवायचा मशरूम पॅच भरवशाचा नसतो. म्हणजे बुडबुडे दाखवण्यासाठी त्या माणसाने एक धडधाकट टायर कायमचा निकामी केला होता. नवा टायर 5,200 रुपयांचा पडला. काकांनी बाकीच्या तीन चाकांची हवा थंड असतानाच 33 केली, स्टेपनीत 35 भरली आणि या कामाचा एक रुपया घेतला नाही. रस्त्यावर अशी माणसंही आहेत, म्हणून सगळ्याच पंक्चरवाल्यांवर संशय घ्या असं मी म्हणणार नाही. उन्हापावसात हायवेला बसून प्रामाणिक काम करणाऱ्यांची बदनामी अशा लोकांमुळेच होते.

पैसे गेले त्यापेक्षा मला राग आहे तो आमच्या जिवाशी खेळल्याचा. ही माणसं भीती विकतात. टायर फुटेल, बरोबर मुलं आहेत, ऊन आहे, पुढे दुकान नाही. हातात स्वतःचा आकडा असला की या भीतीला जागाच राहत नाही. म्हणून कृपा करून स्वतःचा गेज घ्या. चार-पाचशे रुपयांत चांगला मिळतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर आपल्या गाडीचा आकडा दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांना दोन माणसांसाठी वेगळा आणि भरल्या गाडीसाठी वेगळा असतो. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, ती भरायची नसते. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा, स्टेपनीसकट. जॅक आणि पाना डिकीत आहेत ना बघा, आणि एकदा घराच्या अंगणात स्वतः चाक बदलून बघा. मी परत आल्यावर बदललं, पहिल्यांदा पाऊण तास लागला.

वाटेत कुणी चाक बसलंय म्हणून खुणावलं तर त्याने दाखवलेल्या जागी थांबू नका. गाडी नीट चालत असेल तर हळूहळू पुढच्या वर्दळीच्या ठिकाणी जा आणि आपल्या गेजने मोजा. हवा थोडी कमी निघाली तर भरून घ्या, दहा-पंधरा किलोमीटरवर पुन्हा मोजा. खरंच पंक्चर असेल तर आकडा खाली येईल. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे, तो ग्राहकाचा हक्क आहे. पंक्चर काढायला बसलात तर चाकापासून हलू नका. कुणाला बाथरूमला न्यायचं असेल तर काम थांबवून, चाक परत बसवून जा. आणि प्रत्येक भोकाला विचारा, "खिळा कुठाय?" अडकून पडलात तर राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हा मदतीचा नंबर आहे. मला तो तेव्हा आठवला नाही.

परत येताना त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद जोडली आणि टायरचे फोटोही. जुना टायर मी भंगारात दिलेला नाही, डिकीत घालून घरी आणलाय.

अर्ज देऊन निघाल्यावर थोड्या वेळाने रस्त्याच्या पलीकडे ते दुकान दिसलं. एक पांढरी गाडी जॅकवर उभी होती. डिकी उघडी, बॅगा खाली काढलेल्या, आणि आमच्याच त्या बाकड्यावर एक म्हातारं जोडपं बसलेलं. मधे दुभाजक होता. पुढच्या पुलाखालून वळून तिथे पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. गाडी निघून गेली होती.