वाइल्डवुड: मोटेलची खोली की नवा काँडो?

न्यू जर्सीच्या वाइल्डवुडला समुद्राजवळ घर घेणाऱ्यांना हा पेच पडतो: १९५०-६०च्या मोटेलमधली काँडो केलेली (म्हणजे फ्लॅटसारखी स्वतंत्र मालकीने विकलेली) खोली, की मोटेल पाडून बांधलेला नवा काँडो?

खोली स्वस्त पडते. पण इमारत हॉटेलसारखी भाड्याने चालत असेल तर नेहमीचं गृहकर्ज मिळणं अवघड.

खरी परीक्षा टिकाऊपणाची. खाऱ्या हवेने गॅलरीच्या स्लॅबमधली सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पोपडे सुटतात. कठड्याचा खांब स्लॅबला मिळतो तिथे तांबूस ओघळ आहेत का, वाकून बघा. इमारतीच्या मालक-संस्थेचा दुरुस्ती निधी आणि सभांची इतिवृत्तं मागा. निधी अपुरा असेल तर खर्च मालकांच्याच माथी येतो. पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या ५० टक्क्यांवर गेला की अख्खी इमारत आजच्या पूर-नियमांत बसवावी लागते. मग पाडणंच सोयीचं वाटू लागतं. नवा काँडो मुळातच उंचावर असतो.

तरी १९५७चं कॅरिबियन मोटेल, त्याचा तरंगता रॅम्प आणि चंद्रकोरी पोहण्याचा तलाव बघितला की पाडकाम जिवाला लागतं. ते २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदवहीत आलं, हे फार बरं झालं.

फक्त उन्हाळ्यात जाणार, रोख पैसे आहेत आणि निधी भक्कम आहे, तर खोली घ्या. बारमाही राहायचं किंवा कर्ज काढायचं, तर नवा काँडो.