बारावीनंतर ठाणे की नवी मुंबई?

बारावीचा निकाल लागला की गावाकडच्या भावंडांचे फोन सुरू होतात: ताई, ॲडमिशन ठाण्यात घेऊ की नवी मुंबईत? कॉलेजांची माहितीपत्रकं दोन्हीकडची सारखीच गुळगुळीत, म्हणून मी शहराबद्दलच सांगते.

ठाण्यात शहर आयतं मिळतं. जोशी-बेडेकर, बांदोडकर ही कॉलेजं स्टेशनपासून चालत. लेक्चर सुटलं की तलावपाळी, तिच्या काठावर गडकरी रंगायतन, आणि तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ. ती खाताना नाकातून पाणी आलं नाही, तर तुम्ही रस्सा टाळलाय एवढंच. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर नवे कपडे घालून अख्खी कॉलेजं उतरतात. एकटं वाटायला उसंतच नाही. त्रास गर्दीचा. सकाळची लोकल पकडायची तर सॅक पोटाशी घ्यायची, आणि घोडबंदर रोडला खोली घेतलीत तर ट्रॅफिकशी संसार.

नवी मुंबई सिडकोने आखलेली. रुंद रस्ते, खारघरचं सेंट्रल पार्क, अभ्यासाला शांतता. पण सगळे सेक्टर सारखेच दिसतात (मी अजूनही रिक्षावाल्यालाच विचारते), आणि मित्र शोधून जमवावे लागतात.

खोली नवी मुंबईतल्या घणसोलीत आणि कॉलेज ठाण्यात, हेही जमतं. ट्रान्स-हार्बरची लोकल थेट आहे. ठाण्यात ती 9 आणि 10 नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे लागते, तेवढा पूल चढायचा वेळ धरा.